एकशे दहाच्या खाली

ओटाहूहूच्या थांब्यावर चढलेली म्हातारी कार्ड टेकवून पुढं सरकली नाही. डोक्यावरची फुलांची टोपी सावरत ती ड्रायव्हरच्या काचेशी वाकली आणि म्हणाली, "तू नवा दिसतोस. या गाडीवर तो जाड्या होता ना, तो कुठं गेला?"

"कोण जाड्या?" पेनिआमिनानं विचारलं.

"अरे तो मोठ्ठा सामोअन. स्टिअरिंग पोटात रुतायचं बघ त्याच्या. भला माणूस होता. मी बसेपर्यंत गाडी हलवायचा नाही. वारला का?"

"हो," पेनिआमिना म्हणाला. "वारला."

"अरेरे. साखर असणार."

"साखर नव्हती त्याला."

"मग हृदय. एवढ्या देहाला एक हृदय कुठवर पुरणार," म्हणत म्हातारी मागं जाऊन बसली. ती नीट टेकेपर्यंत त्यानं गाडी हलवली नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

गाडी मांगेरेच्या रस्त्याला लागली तरी ते 'वारला' त्याच्या तोंडातून गेलं नव्हतं. सहज बोलून गेलो, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. पण सहज बोललेल्या शब्दाला असं वजन नसतं. आणि वजनाच्या बाबतीत पेनिआमिनाला आता कुणी फसवू शकत नव्हतं. रस्त्यावरनं चाललेला माणूस किती किलोचा, हे तो सिग्नलला थांबल्या थांबल्या सांगू शकत असे. समोरून जाणारा पिवळ्या जाकिटातला, एकशे तीस. बाबागाडी ढकलणारी बाई, अठ्ठ्याण्णव, आणि त्यातले निम्मे कमरेखाली. मग तो वारलेला? एकशे अडुसष्ट. कुठं गेला असेल तो? एवढा ऐवज नाहीसा होतो म्हणजे कुठं जातो? डॉक्टर म्हणाले होते, श्वासावाटे जातो, पाण्यावाटे जातो. म्हणजे दीड वर्ष तो याच काचेच्या खोक्यात बसून स्वतःला थोडा थोडा बाहेर सोडत होता आणि मागं बसलेली माणसं त्याला श्वासात घेत होती. त्याला हसू आलं आणि लगेच थंडी वाजली. ही थंडीही नवीच. ऑकलंडमध्ये बावीस हिवाळे त्यानं अर्ध्या बाहीच्या शर्टात काढले होते. आता जूनमध्येच आत लोकरीचं, वर जाकीट, तरी हाडापर्यंत गार. चर्चच्या बाकावर बसलं की खालून लाकूड लागायचं, आणि लाकूड लागतंय म्हणजे आपल्याला खाली हाडं आहेत, हे त्याला पन्नाशीत कळत होतं. दंडाखालची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये आता एक डबा उभा राहील एवढी जागा होती. त्या जागेकडे तो कधी कधी असा पाहायचा, जसं घरातलं एखादं माणूस गेल्यावर त्याच्या खुर्चीकडे पाहतात.

चर्चमध्ये तर सगळ्यांनी त्याला आधीच पोचवून ठेवलं होतं. सामोअन माणूस जाड होतो तेव्हा कुणी विचारत नाही; बारीक व्हायला लागला की आधी प्रार्थना सुरू होते, मग चौकशी. डीकन आसोफा एकदा गाडीपर्यंत सोबत आला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "पेनी, गाठ कुठल्या भागात आहे रे?" पेनिआमिना गाडीच्या किल्ल्या शोधत होता. तो म्हणाला, "पोटात." आणि हे खोटंही नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी त्याचं नाव आजाऱ्यांच्या प्रार्थनेत आलं, दोन घरांतून डबाबंद मांसाची खोकी आली, आणि बायको सापेता खोकी लावताना म्हणाली, "जिवंतपणी एवढं आलं, मेलास तर गॅरेज पुरायचं नाही. सांगून टाक ना लोकांना, पोट कापून घेतलंय म्हणून." पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. पोट का कापलं, ते. आणि ते फेतूच्या कानावर जाऊन चालणार नव्हतं.

फेतू त्याची बहीण. चार वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून ती यांच्याच घराच्या मागं, अंगणातल्या एका खोलीत राहत होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं साखरेनं खाऊन टाकली होती आणि आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागे. पेनिआमिना तिला केंद्रावर सोडायचा आणि आणायचा. ती मागच्या सीटवर बसायची, तो पुढं. वयात आलेली बहीण भावाच्या शेजारी बसत नाही, भाऊ तिच्यासमोर वावगा शब्द काढत नाही, तिला हात लावत नाही आणि तिचं म्हणणं मोडत नाही. हे त्यांच्या सवाइई बेटावरच्या गावात कुणी शिकवत नसे, जसं श्वास घ्यायला शिकवत नाहीत. त्यामुळे गेली किती वर्षं त्यानं बहिणीचा चेहरा पाहिला होता तो बहुतेक गाडीच्या आरशात. आरशातला तो चेहरा यंत्रावरून परतताना राखेसारखा दिसे. ती डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून बसलेली असे. तिला दिवसाला मोजून पाणी. एकदा लाल दिव्यापाशी तिनं डोळे न उघडता म्हटलं होतं, "पेनी, आपल्या विहिरीचं पाणी आठवतं?" तो "हो" म्हणाला. "घशातून खाली उतरताना कळायचं," ती म्हणाली. बस, एवढंच. त्या आठवड्यात तो तिला न सांगता रुग्णालयात गेला आणि म्हणाला, माझं एक घ्या.

रक्त जुळलं. बाकीचंही जुळलं, इतकं की तिथली हेदर नावाची बाई कागद पाहून शिट्टी मारणार होती, पण आवरली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं, सबंध त्याच्याकडं, म्हणजे तिला मान थोडी फिरवावी लागली. "जुळतंय सगळं," ती म्हणाली. "पण तुमचं वजन एकशे दहाच्या खाली आल्याशिवाय इथला कुठलाही सर्जन तुमच्यावर सुरी चालवणार नाही. तुमच्याच जिवाला धोका." म्हणून आधी एक सुरी, दुसऱ्या सुरीच्या परवानगीसाठी. जठराचा मोठा भाग कापून काढला, उरली ती केळ्याएवढी नळी. फेतूला सांगितलं की पित्ताचे खडे काढलेत. हेदरला बजावलं की सगळं नक्की होईपर्यंत बहिणीला नाव कळता कामा नये. कारण फेतूला कळलं असतं तर ती 'नाही' म्हणाली असती. आणि बहीण नाही म्हणाली की विषय संपला. मग तो शब्द मोडून केलेलं दान त्या घरात रोगासारखं राहतं, पुढच्या पिढीपर्यंत. निदान त्याची आई असंच म्हणायची, आणि आईनं म्हटलेल्या ज्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं पेनिआमिना ऑकलंडमध्ये चारचौघांत सांगायचा, त्यांतली ही नव्हती.

सुरुवातीला वजन असं उतरलं की जणू कुणी मागून ओढून नेतंय. दीडशे. एकशे पस्तीस. एकशे वीस. मग एकशे सतराला येऊन ते थांबलं. थांबलं म्हणजे बसलं. जुनं कुत्रं दारात बसतं तसं. ओलांडून जा, हाकल, जागचं हलणार नाही. नंतर ते हळूच मागं वळलं.

त्याच सुमारास ती जनुकांची तपासणी झाली. विद्यापीठातला एक तरुण डॉक्टर सामोअन कुटुंबांचं रक्त गोळा करत फिरत होता. चर्चनंच बोलावलं होतं त्याला. फेतूनं दिलं, यानंही दिलं. निकाल सांगताना डॉक्टर फार आदबीनं बोलत होता, जणू कुणाचं मृत्युपत्र वाचतोय. म्हणाला, सामोअन लोकांत बऱ्याच जणांत एक जनुकाचं रूप सापडतं. ज्यांच्यात ते असतं त्यांचा देह मोठा होतो, चरबी धरून ठेवतो. गंमत अशी, की त्यांना साखरेचा आजार मात्र इतरांपेक्षा कमी होतो. "तुमच्यात ते दोन्हीकडून आलंय. आईकडून एक, वडिलांकडून एक." आणि फेतूत? डॉक्टरनं बहिणीची परवानगी घेतली होती, तरी तो जरा थांबला. "त्यांच्यात एकही नाही."

त्या संध्याकाळी पेनिआमिना कितीतरी वेळ गाडीतच बसून राहिला होता. म्हणजे अशी वाटणी झाली तर. एकाच आईबापांच्या पोटी आले, एका चुलीवरचं खाल्लं, आणि भावाला दोन्ही हिस्से, बहिणीला रिकामे हात. आयुष्यभर डॉक्टर त्याला म्हणत आले, कमी खा, लाज बाळग, तुला साखर होणार. आणि फेतूकडे बोट दाखवत आले, ती बघ कशी सडपातळ. ज्याला साखर व्हायची त्याचं रक्त स्वच्छ, आणि जी पाखरासारखी खायची तिच्या रक्तात काकवी. कुठल्या तरी पूर्वजानं उपाशीपोटी समुद्र ओलांडला असेल तेव्हा ज्या देहानं त्याला तारलं, तो देह याला मिळाला. आणि तो समुद्र ओलांडून झाल्यावर आता बस चालवत होता. "म्हणजे माझी चूक नाही?" त्यानं डॉक्टरला विचारलं होतं. "चूक हा शब्दच आम्ही वापरत नाही," तो म्हणाला. "मग हे जे अडकलंय, एकशे सतराला, ते यामुळंच?" डॉक्टरनं प्रामाणिकपणे खांदे उडवले. "ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं असं कुठंतरी अडतं. जनुकाचा त्यात किती वाटा, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही." पण पेनिआमिनानं वाटा ठरवून टाकला होता. सगळा जनुकाचा. त्या दिवसापासून काटा पाहताना त्याला पहिल्यासारखं वाईट वाटेनासं झालं.

सगळा म्हणजे, अगदी सगळा नाही. थोडा फेतूचा. तिच्या हातची पेज. कोवळ्या खोबऱ्याची, नारळाच्या पाण्यातली, साबुदाण्यासारख्या पिठानं दाट केलेली गोड पेज, व्हायसालो. बाळंतिणीला देतात, आजारातून उठलेल्याला देतात. हा बारीक व्हायला लागला तशी फेतूनं ती सुरू केली. ज्या दिवशी यंत्रावर जायचं नसे त्या दिवशी ती सकाळपासून खोबरं खरवडत बसे. तिला स्वतःला नारळ वर्ज्य, अळकुडी वर्ज्य, केळं वर्ज्य. चव घ्यायला चमचाही तोंडाला लावायची नाही, वासावर करायची. आणि इथंच ती गोम होती. मांसाचा तुकडा त्या केळ्याएवढ्या नळीत घासानं घास अडायचा, चार घासांत छातीत दगड बसायचा. पण पेज अडत नसे. ती गुळगुळीत खाली उतरायची, वाडगंभर, आणि वर आणखी. कधी पेज, कधी कोकोचा भात, कधी नारळाच्या दुधात बुडवलेले मऊ पाव. नेमकं अडणार नाही तेच. त्याला वाटायचं, योगायोग. आजाऱ्याला मऊच देतात. आणि बहिणीनं पुढं ठेवलेलं परत कसं करायचं? लहानपणी गावात वडील आणि फेतू आधी जेवायचे. पोरगे वाढायला उभे. फेतूच्या ताटात मासा अर्धा उरायचा. रोज. "हिला भूकच नसते," आई म्हणायची, आणि ते ताट पेनीकडे यायचं. मुलगी पाखरासारखं खाते ही गावभर झालेली कीर्ती अशी एका ताटावर उभी होती. मोठेपणी कधीतरी, असाच गाडी चालवता चालवता, त्याच्या मनात आलं होतं की माशाची पोटाकडची, चरबीची बाजूच दर वेळी कशी उरायची?

दुपारी शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. म्हातारी उतरताना म्हणाली, "त्याच्या घरच्यांना सांग, फार चांगला होता." तो म्हणाला, "सांगतो." मग त्यानं पिशवीतून चॉकलेट दुधाचा मोठा पुडा काढला आणि रिकाम्या गाडीत बसून सावकाश संपवला. दुधाला तो खाण्यात धरत नसे.

कामावरून सुटून तो हेदरकडे गेला. काट्यावर चढताना ती म्हणाली, "बूट?"

"राहू देत. नाड्या फार घट्ट बसल्यात."

"जाकीट तरी."

"थंडी वाजते मला."

हेदरनं आकडा लिहिला आणि पेन ठेवलं. एकशे एकोणीस. "मिस्टर पेनिआमिना, पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे. मला तुमच्याबद्दल काहीतरी सांगावं लागेल तिथं. वजन वर जाणाऱ्या दात्याला ते थांबवून ठेवत नाहीत, नाव काढून टाकतात. आणि तुमची बहीण परत रांगेत. कुणीतरी अनोळखी मरेल आणि जुळेल, तोवर. त्यांचे मागचे रिपोर्ट चांगले नाहीत. एवढं मी सांगू शकते. फार वर्षं हातात आहेत असं समजू नका."

"माझ्यात ते जनुक आहे," तो म्हणाला. "दोन्हीकडून."

"माहीत आहे. त्या जनुकासकट एकोणपन्नास किलो उतरवलेत तुम्ही. उरलेत नऊ. रोज खाता काय, खरं सांगा."

त्यानं पेजेचं सांगितलं. हेदर ऐकत राहिली आणि मग तिचा चेहरा एकदम सोपा झाला. "एवढंच? मग बहिणीला म्हणा ना, नको."

तो हसला. हसू थांबेना. हेदरही हसायला लागली, का ते न कळता. शेवटी तो डोळे पुसत म्हणाला, "बाई, त्यापेक्षा दुसरं मूत्रपिंडही घ्या."

घरी आला तेव्हा अंगणापर्यंत नारळाचा वास होता. सापेता ओट्याशी उभी. तिनं वळून पाहिलं नाही. फेतू टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, सुती शालीत डावा हात गुंडाळून बसली होती. टेबलावर झाकलेलं वाडगं. तो आपल्या टोकाला बसला. मधलं टेबल लांब होतं, आणि ते तसं लांब असणं त्या घरात सगळ्यांच्या सोयीचं होतं.

"एका बाईनं आज मला मारून टाकलं," तो म्हणाला आणि त्यानं म्हातारीची गोष्ट सांगितली. सापेता ओट्याशीच हसली. "बरं झालं, मी विधवा होते तर. हा कोण बसलाय मग माझ्या घरात? बारीक आहे, पण चालेल."

फेतू हसली नाही. "जेव," ती म्हणाली.

"आज भूक नाही फेतू."

"पेजेला भूक लागत नाही." ती झाकण काढून वाडगं पुढं सरकवायला जरा उठली, परत बसली. मग त्याच आवाजात म्हणाली, "किती भरलं आज?"

"काय किती?"

"काट्यावर."

चमचा त्याच्या हातात होता. सापेतानं ओट्यावर कुठलंतरी झाकण जोरात आदळलं आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं तशी ती फडक्यानं तीच जागा पुसायला लागली.

"तिच्यावर डोळे वटारू नकोस," फेतू म्हणाली. "गेल्या हिवाळ्यातच सांगितलंय तिनं मला. रडत आली होती खोलीत. तिला नवरा हवा. चुकलं काय तिचं?"

"तू..." बहिणीशी बोलताना आवाज चढवायचा नसतो. त्यामुळे ती सगळी वाक्यं घशात एकमेकांना अडून बसली, मांसाच्या घासासारखी. "तुला ठाऊक होतं. आणि तू पेज करत होतीस."

"डॉक्टरच्या पत्रकात लिहिलंय ना, काय अडतं आणि काय अडत नाही. सापेतानं वाचून दाखवलं. मऊ, गोड, पातळ टाळा. मग म्हटलं, मऊ, गोड, पातळ."

"मग सरळ नाही म्हणायचंस!"

"नाही म्हटलं असतं तर तू पाळलं असतंस." फेतू शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी मेल्यावरही पाळलं असतंस. बहिणीनं नको म्हटलं म्हणून ती मेली, हे घेऊन बस चालवत बसला असतास म्हाताऱ्यासारखा. असला शब्द कुणाच्या गळ्यात बांधायचा? त्यापेक्षा पेज बरी. तुझं वजन उतरलं नाही, डॉक्टर नाही म्हणाले, कुणाचा काही दोष नाही. तुझं ते जनुक आहेच."

बाहेर शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत होता. पेनिआमिनाच्या मनात राग यायला हवा होता, आणि तो वाट पाहत होता रागाची, थांब्यावर उभं राहून बसची पाहावी तशी. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आलं. ते कमरेपासून वर आलं, उबदार, खांद्यांपर्यंत. कितीतरी दिवसांनी त्याला थंडी वाजत नव्हती. ते काय आहे हे कळायला त्याला एक क्षण लागला. ती सुटका होती. झालं तर. आता काही करायला नको. बहिणीनंच ठरवलंय. त्याला टेबलावर झोपवणार नाहीत, ते पांढरे दिवे पुन्हा डोळ्यांवर येणार नाहीत, कुणी त्याला विचारणार नाही की शंभरपासून उलटे आकडे म्हण. पहिल्या वेळी तो शहाण्णवपर्यंत आला होता आणि शहाण्णवच्या खाली काहीच नव्हतं, काळंही नव्हतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मग त्या उबेत त्याला चॉकलेट दुधाचे पुडे दिसले, एकामागे एक, रिकाम्या गाडीत. पायातले जड बूट दिसले, जे प्रत्येक वेळी घट्ट बसत होते. डॉक्टरनं न दिलेला जनुकाचा तो सगळाच्या सगळा वाटा दिसला. फेतू पेज करत होती, पण तो ती पीत होता. वाडगं चाटूनपुसून. पेजेआधी दुधाची सुरुवात झाली होती.

"बघ," फेतू म्हणाली. तिचा आवाज एकदम लहानपणचा झाला. "खांदे उतरले तुझे."

त्यानं मान वर केली नाही.

"दिसलं मला. लाजू नकोस. मीही तुझ्यासाठी भिऊनच करत होते, तूही भीतच पीत होतास. दोघांचं छान जमलं."

सापेताचा हात फडक्यावर थांबला होता. पेनिआमिनाला वाटलं की उठावं, बाहेर जावं, गाडीत बसावं. तो उठला. पण पाय दाराकडे गेले नाहीत. ते टेबलाच्या लांब कडेनं चालत गेले, फेतूच्या टोकाला, जिथं तो कधी बसला नव्हता. तिथली खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला. सापेता दचकून "अगं बाई" म्हणाली. फेतू ताठ झाली. त्याला स्वतःलाही कळेना की हात पुढं का गेला. तो शालीवरून तिच्या डाव्या हातावर पडला, मनगटाच्या वर, आणि पडल्या पडल्या त्यानं तो झटक्यात उचलला. आत काहीतरी घुमत होतं. शालीखाली एखादं पाखरू, एखादी मोठी माशी बांधून ठेवल्यासारखं.

"काय आहे ते?"

"रक्त," फेतू म्हणाली. "यंत्राला जोर हवा म्हणून शीर शिरेला जोडलीय. दिवसरात्र असंच घुमतं. उशीवर हात ठेवला की कानात. आता सवय झाली." थोड्या वेळानं ती म्हणाली, "नाही झाली."

त्यानं हात परत ठेवला. या वेळी उचलला नाही. लहान होते तेव्हा ती याच हातानं त्याला धरून खडकांवरून समुद्राकडे न्यायची. त्यानंतर इतकी वर्षं. त्याला वाटलं होतं, तिच्या आजाराचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. आरशात दिसेल तेवढंच ठाऊक होतं. कातडीखाली ते थांबत नव्हतं, दमत नव्हतं, इंजिन चालू ठेवून कुणीतरी वाट पाहत उभं असावं तसं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"मलाही."

"यंत्राची?"

"नाही रे. तू टेबलावरून उठलाच नाहीस आणि मी तुझं मूत्रपिंड पोटात घेऊन घरी आले, तर हिला काय तोंड दाखवू?" ती सापेताकडे पाहत होती. सापेता खिडकीबाहेर.

पेनिआमिनानं वाडग्याकडे पाहिलं. पेजेवर साय धरत होती. तोंडात पाणी सुटलं होतं, अजूनही. देहाला काही कळत नाही, किंवा त्याला एकच गोष्ट फार जुन्या काळापासून नीट कळलेली आहे. "फेतू," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधायला त्याला आयुष्यभरात कधी गेला नव्हता तिथं जावं लागलं. "नको."

ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, ते ऐकायला तो थांबला, सवयीनं थांबला. तिच्या हातातलं ते घुमणं तेवढं चालू होतं. मग तो थांबला नाही. वाडगं उचलून तो मोरीपाशी गेला. अन्न टाकायचं म्हणजे त्यांच्यात पाप, आणि बहिणीच्या हातचं टाकायचं म्हणजे त्याला शब्दच नाही. सापेतानं तोंडावर फडकं धरलं. त्यानं वाडगं उपडं केलं. पांढरी दाट पेज सावकाश, अनिच्छेनं सरकत खाली गेली आणि जाळीवर जमून राहिली. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि त्यानं मान खांद्यांत घेतली, एखादा शब्द पाठीवर पडणार असल्यासारखी.

"नळ मोठा सोड," फेतू म्हणाली. "खोबरं चिकटून बसतं."